लीलाच्या सहा नळ्या आणि पहिली पंगत

मी, पार्वतम्मा महादेवप्पा हत्तुरे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा खानावळ, राहणार सात रस्त्याजवळ, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. आमच्या डॉक्टर विजयमालाबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून भरीस घातलेलं नाही. शाळा माझी दुसरीत सुटली आणि घरातलं बोलणं निम्मं कानडी, त्यामुळे कुठे वेलांटी चुकली तर ती चूक माझी. पण तेवढ्यावरून म्हातारीला काही कळत नव्हतं असं पुढे कोणी म्हणू नये. लिहायला-वाचायला मी माझ्या लेकीच्या पुस्तकांतून शिकले. ती पहिलीत गेली तशी मीही पुन्हा पहिलीत गेले. पुढे ती फार लांब गेली. मी जमेल तेवढी मागून चालत राहिले.

वकीलसाहेब म्हणाले होते, "अम्मा, आधी तुमच्या बोलीत लिहा, मग मी कायद्यात बसवतो." थोडं वाचून म्हणाले, "राहू दे असंच. फक्त लिहिलेलं खोडू नका, खोडाखोड दिसली की भांडणं लागतात. मन बदललं तर पुढे रद्द म्हणून लिहा." तसंच केलं आहे. म्हणून हा कागद सलग वाचावा, मधूनच उघडून आपल्या नावाचं कलम शोधू नये. शिवू, हे तुला आहे.

कलम १. माझे यजमान महादेवप्पा शिवैक्य होऊन बरीच वर्षे झाली. मला दोन मुलं. थोरली शिवलीला, घरातली लीला, आणि धाकटा शिवू. लीला शास्त्रज्ञ होती. इथल्याच एका कॉलेजात शिकवायची आणि पोटातल्या पेप्टाइडांवर संशोधन करायची. गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, वर्गात शिकवता शिकवता तिच्या डोक्यातली शीर फुटली आणि ती गेली. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नव्हतं. त्यामुळे कायद्याने माझा वारस एकटा शिवू. वारसांत लीलाचं नाव लिहायचं नसतं असं समजल्यावर मी हा कागद काही दिवस बाजूला ठेवून दिला होता.

कलम २. राहतं घर, पुढच्या खानावळीच्या जागेसह, शिवू आणि सून अक्षता या दोघांच्या नावे समान करावं. एकाच्या नावे नको. बँकेत माझ्या औषधपाण्यातून जे उरेल ते शिवूने घ्यावं. गळ्यातली बोरमाळ अक्षताची. ती घालणार नाही, जुन्या वळणाची म्हणते. मोडून बांगड्या केल्या तरी माझी हरकत नाही.

कलम ३. खानावळ मल्लव्वा आणि अक्षता यांनी मिळून चालवावी. मल्लव्वा माझ्याकडे भाकऱ्या थापायला आली तेव्हा तिचा थोरला मुलगा पाळण्यात होता. आता त्याला मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात. मोठा लोखंडी तवा, लाकडी काठवट आणि शेंगाचटणीचं उखळ-मुसळ ही मल्लव्वाची स्वतःची मालमत्ता समजावी. चटणी मिक्सरला लावायची नाही. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं पीठ होतं. उखळात कुटलं तर तेल सुटून चटणी होते. आणि कडक भाकरी पातळ थापली म्हणजे झालं असं नसतं. तव्यावरून काढल्यावर ती मंद आचेवर उभी करून पुरती वाळली पाहिजे. मोडली की पापडासारखा आवाज यायला हवा. हा आवाज लीलाने एकदा तिच्या फोनमध्ये भरून घेतला होता, हैदराबादच्या कुठल्याशा परिषदेत लोकांना ऐकवायला. इतकी मोठी माणसं जमली होती आणि माझी भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून हसली म्हणे. चांगलं हसली, असं ती म्हणाली.

कलम ४. मागच्या खोलीतली पेटी.

हे कलम लांबणार आहे. घरात भांडण लागलं तर याच पेटीवरून लागेल, म्हणून सगळं लिहिते.

ही पेटी म्हणजे साधा फ्रिज नव्हे. आत उणे ऐंशी अंशाची थंडी असते. लीलाने ती जुनी घेतली, दुरुस्त करून घेतली आणि कॉलेजची परवानगी काढून आपल्या घरी आणली, कारण सुट्टीत कॉलेजची वीज गेली तर बघायला कोणी नसे आणि आपल्या खानावळीला जनरेटर आहे. आत बायकांच्या रक्तातल्या पाण्याच्या नळ्या आहेत. रक्त गाळून वरचं पिवळसर पाणी ठेवतात, ते.

कशासाठी ते सांगते. लीला म्हणायची, पोट मुकं नसतं. अन्न आलं की आतड्यांच्या भिंतीतून बारीक बारीक सांगावे निघतात, रक्तातून मेंदूकडे जातात. एक सांगावा म्हणतो भूक लागली, दुसरे म्हणतात आता पुरे. हे सांगावे म्हणजेच पेप्टाइडं. तीसेक मण्यांची एकेक माळ समज, अव्वा, असं ती म्हणायची. पण रक्तात त्यांना तोडणारी कात्री टपलेलीच असते. काही माळा तर दोन-चार मिनिटांत तुटतात. म्हणून रक्त काढताच नळीत औषध घालून बर्फात, तिथून या पेटीत. आणि एकदा का नळी वितळवली की एकदाच काय ते वाचायचं. पुन्हा गोठवून उपयोग नाही.

सगळी दुनिया जेवणाऱ्यांचं पोट तपासते. लीलाला तपासायचं होतं जेवायला घालणाऱ्यांचं. सोलापुरात घरोघरी बायका भाकऱ्या थापून विकतात. सकाळपासून तव्यासमोर असतात, सगळ्यांचं झालं की शेवटी जेवतात, आणि विचारलं की म्हणतात, वासानंच पोट भरलं. तिला हे खरं वाटत नव्हतं. तव्यासमोर बसणाऱ्या बाईची भूक मरते, की तीच भूक मारते, एवढाच तिचा प्रश्न होता. इंग्रजीत त्याचं नाव अर्ध्या पानाचं होतं.

पहिल्या दिवशी मल्लव्वाने हात पुढे केला आणि विचारलं, "अक्का, आमाला भूक हाय का न्हाय ते आमालाच इचारा की. रगत कशाला काढता?"

"तुमी खरं सांगत न्हाई म्हणून," लीला म्हणाली.

"आन् रगत सांगतंय?"

"रगताला लाज न्हाई वाटत, मल्लव्वा."

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेकीने बाही वर केली. प्रत्येकीला मी केलेलंच जेवण, वजन करून: कडक भाकरी, चटणी, डाळ. आधी उपाशीपोटी एक नळी, मग जेवल्यावर थोड्या थोड्या वेळाने पाच. मीही त्यात होते.

काही महिन्यांनी काही नळ्यांचे निकाल आले. लीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दुपारची गर्दी होती.

"अव्वा, त्या दिवशी सुई टोचायच्या आधी काय म्हणालीस? भूक न्हाई म्हणालीस ना?"

"व्हय. न्हवतीच."

"तुझं रक्त तर बोंबलत होतं की! खानावळीत येणाऱ्या हमालाच्या रक्तात नसंल एवढी भूक होती."

"रक्ताला काय कळतंय."

"तुझ्यापेक्षा लई कळतंय. ऊठ तिथनं. बस पाटावर."

तिने ताट वाढलं. बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "अम्मा, भाकरी!" लीला बाहेर जाऊन म्हणाली, "अम्मा जेवतायत. थांबा." लोक थांबले. कोणी मेलं नाही. त्या दिवसापासून ती घरात असली की मला आधी जेवायला बसवायची. एका नळीचा निकाल म्हणजे सगळ्या बायकांचा निकाल नव्हे, हेही तिने बजावलं होतं. बाकीच्या सगळ्या वाचून झाल्याशिवाय ती छातीठोकपणे काही म्हणणार नव्हती. त्या वाचायच्या राहिल्या आणि ती गेली.

आता मूळ गोष्ट. दुसऱ्या कोणाला टोचायच्या आधी लीलाने स्वतःला टोचून घेतलं होतं, चाचणी नीट बसते का बघायला. बाकी नळ्यांवर क्रमांक आहेत, तिच्या सहा नळ्यांवर तिच्या हाताने काढलेलं शून्य आहे. त्याही वाचलेल्या नाहीत. पहिली उपाशीपोटीची. सहावी, माझ्या हातची भाकरी खाऊन पोट भरल्यानंतरची.

ज्या दिवशी ती गेली त्या सकाळी ती न जेवता गेली. "येऊन जेवते, अव्वा," म्हणाली. मी ताट झाकून ठेवलं. विजयमालाबाईंनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं की त्या क्षणी माणसाला भूक जाणवत नाही. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नाहीत. पण लीला उपाशी गेली, हे माझ्या आतून निघत नाही. आतडं तुटतं म्हणतात, तसं. लीला एकदा मला विचारत होती, "आईचं आतडं म्हणतात ते नेमकं कोणतं, अव्वा? लहान का मोठं? पुस्तकात कुठं सापडत न्हाई." मी तिला लाटणं दाखवलं होतं.

सहावी नळी म्हणजे ती जेवली होती याचा जगात उरलेला एकच पुरावा. म्हणून माझी इच्छा अशी: बाकी बायकांच्या नळ्या लीलाचा विद्यार्थी मृत्युंजय याच्याकडे जाव्यात. तो आता पुण्याच्या एका संस्थेत आहे, आणि लीलाच्या संशोधनाची परवानगी कमिटीने त्याच्या नावे केली आहे. पण शून्य क्रमांकाच्या सहा नळ्या कोणी उघडू नयेत. माझ्या हयातीत पेटी चालू राहील. मी गेले की आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी, इष्टलिंग डाव्या हातात, आणि त्या सहा नळ्या माझ्या मांडीवर ठेवाव्यात. लीलाला आम्ही अक्कलकोट रोडच्या रानात बसवलं, पण तिचं एवढं रक्त अजून मातीच्या वर आहे. ते माझ्याबरोबर जाऊ दे.

शिवू ही पेटी आईस्क्रीमवाल्याला विकून टाक म्हणत होता. मी त्याच्यावर राग धरलेला नाही. मी पाहिलं आहे, दुपारी तो त्या खोलीत पेटीला पाठ टेकून बसतो. विचारलं तर म्हणतो, "गार लागतंय हितं." ती पेटी आतून गार असते, शिवू. बाहेरून तापते. त्या खोलीत घाम निथळतो.

कलम ५. माझे दीर गुरप्पा भावजी यांना एक पोतं मालदांडी ज्वारी द्यावी. त्यांना बारा महिने कोठा साफ होत नाही. लीलाने त्यांना कोंड्यासकट दळून खायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. उलट तिच्या समाधीच्या वेळी, माती टाकून हात झटकायच्या आत, चार माणसांत म्हणाले, "पोरगी आतड्यांच्या मागं लागली, संसाराच्या न्हाई." मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते: भावजी, ज्वारी कोंड्यासकट खा. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते तुम्हाला रोज सकाळी आठवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम ६. माझे डोळे कोणाच्या उपयोगी पडत असतील तर काढून घ्यावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी विचारून बघावं. आमच्या मठातल्या गुरूंना, अय्यांना, मी विचारलं आहे, ते म्हणाले, शिवाला डोळस माणसंच लागतात असं नाही.

कलम ७. कलम ४ मधलं शून्य क्रमांकाच्या नळ्यांबद्दल जे लिहिलं आहे ते रद्द.

का ते लिहिते. वरची कलमं लिहून झाल्यावर मृत्युंजय पुण्याहून आला, बरोबर कोरड्या बर्फाचा खोका घेऊन. बायकांच्या नळ्या मोजून भरल्या. मग शून्याच्या कप्प्यापाशी थांबला. हात लावला नाही. तो लीलाच्या हाताखाली शिकला आहे, विचारल्याशिवाय हात लावत नाही.

मी म्हटलं, "त्या राहू दे, बाळा. त्या माझ्यासोबत जाणार हायत."

तो बराच वेळ पेटीचं दार धरून उभा राहिला. पेटी टूं टूं करून ओरडायला लागली, दार उघडं राहिलं म्हणून. मग म्हणाला, "अम्मा, मॅडमनी तुमाला सांगितलं नव्हतं का? या थंडीत पण त्या माळा गळतात. हळूहळू, पण गळतात. आता वाचलं तर मॅडम काय म्हणत होत्या ते कळंल. अजून दहा वर्षांनी वाचलं तर नुसतं पाणी."

"म्हंजे मी इतके दिवस राखत बसले ते..."

"राखलंत म्हणून तर आज वाचता येतंय की."

मी त्याला जेवायला बसायला सांगितलं आणि आत गेले. मला लीलाचा राग आला. तिने हे मला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती म्हणा. कोणती मुलगी आईला सांगेल की माझं रक्त किती दिवस टिकतं?

मग एक गोष्ट मनात आली. सहावी नळी मी पोट भरल्याची म्हणून धरून बसले आहे, पण ती भरल्याची आहे हे तरी मला कुठे माहीत? त्या दिवशी जेवून उठताना तिने "लई झालं, अव्वा" म्हटलं होतं. माझीच लेक ती. मी जन्मभर जे खोटं बोलले ते तीही बोलली असेल. सुईच्या घाईत अर्धपोटी उठली असेल. न उघडलेल्या नळीत दोन्ही आहे. मला त्यातलं फक्त एक हवं होतं, म्हणून मी ती बंद ठेवत होते. आणि लीलाने तर माझी नळी उघडून माझं खोटं माझ्या तोंडावर वाचून दाखवलं होतं, आणि मग ताट वाढलं होतं.

मी बाहेर आले. मृत्युंजयने भाकरी मोडून ठेवली होती, खाल्ली नव्हती. मी म्हटलं, "ने." त्याने हात धुतला. नळ्या उचलताना मी त्याला थांबवलं नाही. फक्त सहावी एकदा माझ्या हातात मागितली. तो म्हणाला, "अम्मा, लई गार हाय, बोटं चिकटतील," आणि त्याचा हातमोजा मला दिला. करंगळीएवढी नळी. शून्य काढताना लीलाची सवय होती, वर एक शेपूट राहायचं. तेवढं बघितलं आणि परत दिली.

तेव्हा वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे, जी वस्तू माझ्या मालकीची उरली नाही तिची वाट मृत्युपत्रात लावता येत नाही. माझ्या मांडीवर काही ठेवायचं नाही. मांडी रिकामी राहील.

कलम ८. रिकामी पेटी लीलाच्या कॉलेजला द्यावी. नको म्हणाले तर शिवूने आईस्क्रीमवाल्याला विकावी. त्याने हो म्हटलं तर पेटी चांगली पुसून द्यावी.

कलम ९. माझी गणाराधना, म्हणजे मी गेल्यानंतर घालायचं जेवण. या कलमात काडीचाही बदल केला तर वरची कलमं मी मनाने मागे घेतली असं समजावं.

आपल्यात गणाराधनेच्या जेवणाला पहिली पंगत अय्यांची, मग पाहुण्यांची, मग घरच्या पुरुषांची, मग बायकांची, आणि ज्यांनी रांधलं त्यांनी उरलं-सुरलं चुलीपाशी उभ्याने खायचं. माझ्या गणाराधनेला पहिली पंगत मल्लव्वाची आणि जिने जिने त्या दिवशी भाकरी थापली तिची. अय्यांना मी स्वतः जाऊन विचारलं.

ते म्हणाले, "पार्वतम्मा, त्या आधी बसल्या तर वाढणार कोण?"

मी म्हटलं, "तुमी वाढा की."

त्यांनी बराच वेळ विभूतीची पेटी उघड-बंद केली. मग म्हणाले, "मला डाळ सांडायची सवय आहे." मी म्हटलं, सांडू दे. त्यांनी कबूल केलं आहे, म्हणूनच ते या कागदावर साक्षीदार आहेत. वाढताना एखादी बाई "मला भूक न्हाई" म्हणाली तर तिचं ऐकू नये.

आणि अक्षता, तू आधी जेव, त्या दिवशीच नव्हे, रोज. शिवू जेवायचा थांबला म्हणून काही होत नाही. तो थांबणारा आहे, त्याला कोणी सांगितलं नाही एवढंच. आता सांगितलं.

कलम १०. मृत्युंजय म्हणाला आहे की यंत्रावर सगळ्या नळ्या लागायला हा उन्हाळा जाईल. मी असताना निकाल आला तर त्याने फोनवर सांगू नये, यावं, जेवावं आणि मग सांगावं. मी नसताना आला तर अक्कलकोट रोडच्या रानात यावं. तिथे लीलाची समाधी आहे आणि तिच्या डावीकडे माझी असेल. सगळ्या बायकांचं काय निघालं ते लीलाला सांगावं. तिचा प्रश्न होता. सहावी नळी मला सांगावी. आकडा नको, मला त्यातलं कळणार नाही. माझ्या लेकीचं त्या दिवशी पोट भरलं होतं की नव्हतं, एवढंच. नव्हतं असं निघालं तरी तसंच सांगावं. लाज धरू नये.

लीला गेल्यापासून मला भूक लागत नव्हती. आधी जन्मभर खोटं म्हणायचे, मग खरं म्हणायला लागले, आणि तपासणारी उरली नव्हती. अक्षता ताट आणून ठेवायची, मी चिवडून उठायचे. मृत्युंजय खोका घेऊन गेला त्या दिवशी शिवूने पेटीचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत त्या खोलीचा घरघराट मला ऐकूच येत नव्हता. तो थांबला तेव्हा कळलं की घरात आवाज होता. शिवू तिथेच भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. इतका उंच झाला आहे, हात पुरेना, तो थोडा खाली वाकला.

मग दुपारी, भर गर्दीत, तव्यासमोर, मला भूक लागली. पोटात खड्डा पडल्यासारखी, लहानपणी शेतावरून आल्यावर लागायची तशी. मला वाईट वाटलं. तिला जाऊन एवढे दिवस झाले आणि मला भूक कशी लागते? मी मल्लव्वाला म्हटलं, "मला भूक लागलीय." मग ओल्या हाताने तिने माझा दंड धरून मला उठवलं आणि पाटावर बसवलं. बाहेरून कोणी ओरडलं, "अम्मा, भाकरी!"

मल्लव्वा म्हणाली, "थांबा जरा. अम्मा जेवत्यात."

मी जेवले. रडत जेवले, पण ताट पुसून जेवले. लीला असती तर तेवढ्यात माझी बाही वर करून सुई टोचली असती. ते राहून गेलं. म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे कुठे तरी नोंद राहील: त्या दुपारी पार्वतम्माला खरोखर भूक होती, आणि तिने ती सांगितली.

याआधी मी दुसरं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हा कागद दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून, मग त्यांच्यासमोर सही केली आहे. साक्षीदारांना यातून काही मिळणार नाही, जेवण सोडून.

सही: पार्वतम्मा महादेवप्पा हत्तुरे
(सही मराठीत केली आहे. कानडीतही एक खाली केली आहे, वर माझ्या आईला कळावी म्हणून.)

साक्षीदार १: शिवयोगी गुरुपादय्या हिरेमठ, सोलापूर
साक्षीदार २: डॉ. विजयमाला बाळासो कोळेकर, सोलापूर

स्थळ: सोलापूर, खानावळीचं आतलं स्वयंपाकघर
दिनांक: १८ एप्रिल २०२५, दुपार, जेवणं झाल्यावर